लीलचं 'रेइसल' कसं झालं?

प्रश्न : फ्रान्समधल्या लील शहराला डच भाषेत 'रेइसल' म्हणतात. हे त्याच नावाचं रूप आहे की वेगळंच नाव? 'ल'चा 'र' झाला म्हणावं, तर पुढचा 'स' कुठून आला?

उत्तर : 'ल'चा 'र' झालेला नाही. दोन्ही अक्षरं बाहेरून चिकटलेली आहेत. मूळ शब्द लॅटिन 'इन्सुला', म्हणजे बेट. द्योल नदीच्या पाणथळीतल्या कोरड्या जागेवर ही वस्ती उभी राहिली. 1066च्या दानपत्रात तिचा उल्लेख आहे. जुन्या फ्रेंचमध्ये बेटाला 'ईस्ल' म्हणत. त्यातला 'स' पुढे उच्चारातून गेला आणि उपपदाचा 'ल' कायमचा चिकटला : लील. फ्रेंचची ही जुनी खोड. आयव्हीच्या वेलीचं 'इएर' असंच 'लिएर' झालं, आणि आता त्यालाही वर नवं उपपद लावतात!

डचने शब्द उचलला तो 'स' शाबूत असताना : 'ईसल'. 'बेटापाशी' म्हणायचं तर 'तेर ईसल'. हे 'तेर' म्हणजे शब्दयोगी 'ते' आणि स्त्रीलिंगी उपपदाचं रूप 'देर' यांचा जोड. भरभर बोलताना ऐकू येतं 'तेरीसल'. ते चुकीच्या जागी तोडलं की उरतं 'रीसल'. पुढे डचमधल्या दीर्घ 'ई'चा 'एइ' झाला. पश्चिम फ्लेमिश बोलीत मात्र अजून 'रीसल'च आहे.

शंका : मग नेदरलँड्समधल्या 'तेर्नोझन' गावाचं 'र्नोझन' का झालं नाही?

उत्तर : तिथे 'तेर'पुढे व्यंजन आहे, त्यामुळे 'र' पुढच्या शब्दाकडे ओढला जात नाही. हा प्रकार स्वरापुढेच होतो. इंग्लंडच्या ससेक्समधलं 'राय' हे गावाचं नावही असंच 'बेटापाशी'मधून निघालं. 'र' तिथेही उपपदाचाच.

आणखी एक : नेदरलँड्समधल्या एइसल नदीशी याचा संबंध जोडू नका. ते मूळच वेगळं, आणि त्या नावात 'एस' दोनदा येतो, रेइसलमध्ये एकदाच.

भाषांतर करणाऱ्यांसाठी : मराठीत 'लील'च लिहावं. फ्लँडर्समधल्या, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागातल्या, महामार्गाच्या पाटीवर 'रेइसल' दिसलं तर ते फ्रान्समधलं लील. उलट, डच मजकुरात फ्रेंच स्पेलिंग आलं तर जरा थांबा. बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतात त्याच स्पेलिंगचं वेगळं गाव आहे, त्याचा उच्चार 'लिल्ल'. आजूबाजूला कोर्त्रेइक, तुर्कोआं अशी नावं असतील तर फ्रान्समधलं, तुर्नहाउट असेल तर हे गाव.