मदत हवी आहे: खालचे दोन्ही ब्रेक लाइट लागत नाहीत, काचेतला तिसरा मात्र लागतो

मंडळी, गाडीच्या विजेतलं माझं ज्ञान फ्यूज काढून उजेडात धरून बघण्यापुरतंच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या आठवड्यात एका स्कूटरवाल्याने शेजारी येऊन काचेवर टकटक केली आणि "तुमचे ब्रेक लाइट लागत नाहीत" म्हणून सांगून गेला. रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून, दिवे लावून, आरशात बघत पेडल दाबलं. मागच्या काचेतला वरचा लाइट लख्ख लागला, खालचे दोन ढिम्म. टेल लॅम्प, म्हणजे दिवे लावले की मागे सतत जळणारे लाल लाइट, दोन्हीकडचे लागतात, म्हणजे बल्ब शाबूत आहेत असं धरून चाललोय.

गॅरेजमध्ये पेडलवरचा स्विच बदलला. फरक शून्य. फ्यूजची तार सलग आहे. आता ते म्हणतात वायरिंग उघडावं लागेल, म्हणजे मागची सीट, आतली पॅनेलं, सगळं बाहेर. पोटात गोळाच आला.

आणखी एक, संबंध आहे की नाही ठाऊक नाही: डावा टेल लॅम्प उजव्यापेक्षा बराच उजळ दिसतो. उजवा जुना झाला असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

प्रतिसाद १

वायरिंगला हात लावू देऊ नका! तिसरा लागतोय म्हणजे स्विचमधून करंट पुढे जातोय. बहुतेक गाड्यांत तिन्ही लाइट त्या एकाच स्विचवर असतात. स्विच उगाच बदलला.

आणि टेल लागतो म्हणून बल्ब चांगला, हा हिशेब चुकीचा आहे. त्या एका काचेत दोन तारा असतात, टेलची 5 वॅटची आणि ब्रेकची 21 वॅटची. एक तुटली तरी दुसरी खुशाल लागते. बल्ब काढा आणि डोळ्यांनी बघा.

प्रतिसाद २

पण दोन्ही एकदम कसे जातील? मला तर अर्थिंगचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या जोडाचा, संशय येतो. नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका, गंजलेल्या जोडातूनही तो 12 व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. होल्डरच्या वायरींना एक चांगला 21 वॅटचा बल्ब जोडा. तो नीट पेटला तरच लाइन ठीक.

प्रतिसाद ३

एकदम जात नाहीत. एक कधीतरी जातो, कुणाच्या लक्षात येत नाही, दुसरा गेला की स्कूटरवाला भेटतो.

पण धागाकर्ते, उत्तर तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. डावा बल्ब उलटा बसलाय. बल्बच्या पितळी बुडाला दोन बाजूंना दोन बारीक पिना असतात, त्या एका उंचीवर नसतात. उलटा बसू नये म्हणूनच ती सोय. होल्डर ढिला असला की जोर लावून तरीही बसतो. मग टेलच्या जागी 21 वॅट सतत जळतं आणि ब्रेक दाबला की 5 वॅटची भर पडते. दिवे लावून तपासलंत ना? मग ती भर दिसणार कशी!

दिवे बंद करून, अंधारात पेडल दाबा. डावा मिणमिणला तर माझं खरं. मग बल्ब गार होऊ द्या आणि होल्डरही नीट बघा. इतका वेळ 21 वॅट जळत राहिलं तर त्याचं प्लॅस्टिक मऊ पडतं.

धागाकर्ता

मिणमिणला! अगदी देवघरातल्या समईसारखा.

आत्ताच दोन्ही बल्ब काढले. उजव्याची काच आतून राखाडी झालीय, जाड तार मधोमध तुटून लोंबतेय, कानाशी हलवला तर किणकिण वाजतो. डाव्याच्या दोन्ही तारा धड आहेत, पण एक पिन घासून चपटी झालीय आणि होल्डरची एक कड वितळून आत वळलीय. उजवीकडे नवा पी 21/5 डब्ल्यू घातला, डावीकडेही नवा, पिना बघून. हलका दाब, थोडासा पीळ, बसला. तिन्ही लाइट लागतात. वितळलेला होल्डर मात्र बदलणार आहे.

आता कबुलीजबाब. डावा बल्ब काही महिन्यांपूर्वी मीच बदलला होता. "जरा घट्ट जातोय" असं म्हणत दाबून फिरवल्याचंही आठवतंय. गॅरेजवाल्यांवर निम्माच राग ठेवतो.

जुना स्विच डिकीत पडलाय. तो परत बसवून घेऊ का?

प्रतिसाद ३

नवा आहे तोच राहू द्या. पेडल सोडल्यावर तिन्ही लाइट लगेच विझतात का, तेवढं बघा. स्विच जरा पुढे-मागे बसला तर ते लागलेलेच राहतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते.

धागाकर्ता

बघितलं, विझतात.