प्रतिसाद : सीनेकाठचा पूरनकाशा

गेल्या पुरात जेथवर पाणी आले तेवढा भाग रंगवला की सीना नदीकाठचा पूरधोक्याचा नकाशा तयार होईल, ही सूचना मला अपुरी वाटते. सप्टेंबर २०२५ मधील पुराची खूण ही त्या एका विसर्गाची (नदीतून त्या वेळी वाहिलेल्या पाण्याची) खूण आहे. नियोजनासाठी मात्र सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा लागते. (पंचवीस वर्षांची रेषा म्हणजे पुढची पंचवीस वर्षे निर्धास्त, असा अर्थ नव्हे, दर वर्षी तो धोका चार टक्के असतोच.)

दुसरी अडचण उंचीची आहे. फुकट मिळणाऱ्या उपग्रहीय उंचीच्या माहितीत काही मीटरची चूक सहज असते, आणि आपल्याकडच्या सपाट काळ्या रानात एका मीटरच्या फरकाने पाणी बांध ओलांडून वस्तीपर्यंत पोहोचते. शिवाय नदी फुगली की ओढ्याचे पाणी तिच्यात शिरत नाही, ते उलटे मागे सरकते. त्यामुळे नदीपासून दूरची घरेही बुडतात. हत्तरसंग कुडलला सीना भीमेस मिळते, तेथे तर उजनी आणि वीर या धरणांचा विसर्गही हिशेबात धरावा लागेल.

म्हणून गावोगावच्या भिंतींवर राहिलेली गाळाची रेघ, रंगरंगोटीत पुसली जाण्याआधी, लेव्हल यंत्राने (उंची मोजण्याच्या साधनाने) मोजून घ्यावी. गणिताने काढलेली रेषा खरी की खोटी, हे त्या रेघेवरूनच पडताळता येईल.