नुसती सही म्हणजे संमती नव्हे
"शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर रुग्णाची सही असली की डॉक्टर कायद्याने सुरक्षित" हे मत मला धोक्याचं वाटतं. छापील फॉर्मवरच्या सहीने फारसं सिद्ध होत नाही. कोणते धोके आणि पर्याय सांगितले, रुग्णाने काय विचारलं, हे केसपेपरवर त्याच दिवशी वेळेसह लिहा; तेही गुंगीचं औषध देण्याआधी. राहिलेली नोंद आजची तारीख-वेळ टाकून 'उशिराची नोंद' म्हणूनच करा. जुन्या ओळीत घुसडलेला एक शब्द अख्खी फाइल संशयास्पद करतो.

आणि गॉझची, म्हणजे शस्त्रक्रियेत रक्त टिपायच्या जाळीदार कापडाच्या तुकड्यांची मोजणी, एखादा आत राहू नये म्हणून! सुरुवातीला, शरीराची पोकळी बंद करण्यापूर्वी, त्वचा शिवताना, दोघांनी, मोठ्याने. आकडा जुळला नाही तर शिवण थांबवून शोधा, सापडलं नाही तर टेबलावरच एक्स-रे काढा. तातडीच्या, रक्तस्रावाच्या शस्त्रक्रियेत नेमकी हीच पायरी गळते.