पडक्या वास्तूपर्यंतची डोंगरवाट आणि तिथलं भूत: आपापले अनुभव लिहा

सुरुवात मी करतो. डब्लिनच्या दक्षिणेला माँटपिलियर टेकडी आहे, उंची ३८३ मीटर. सिंहगड चढलेल्याला हसू येईल एवढाच चढ. माथ्यावर 'हेल फायर क्लब' नावाचं काळवंडलेलं दगडी घर आहे. १७२५ च्या सुमारास विल्यम कॉनली या आयरिश संसदेच्या सभापतीने शिकारीसाठी ते बांधलं आणि बांधताना तिथल्या प्राचीन थडग्याचे दगड वापरले. थोड्याच दिवसांत वादळात छप्पर उडालं. सैतान कोपला, दुसरं काय! कॉनलीही वस्ताद, त्याने दगडी कमानीचं छप्पर घातलं. ते आजही बरंचसं शाबूत आहे.

पुढे इथे उमरावांचे अड्डे बसायचे म्हणतात. एका वादळी रात्री एक अनोळखी पाहुणा पत्त्यांच्या डावात बसला. कुणाचंतरी पान खाली पडलं, तो उचलायला वाकला, तर पाहुण्याच्या पायांना खूर!

आत काजळी, बिअरचे डबे आणि मुतारीचा वास. पण खिडकीच्या भगदाडातून अख्खा डब्लिनचा उपसागर आणि पूलबेग वीजकेंद्राची दोन पट्टेरी धुराडी दिसली, तेव्हा सगळं माफ केलं. बायकोच्या हातून बिस्किट पडलं. उचलायला वाकली आणि आधी माझे बूट पाहून घेतले तिने.

ऐकीव किस्से नकोत. स्वतः गेला असाल तरच लिहा.

* * *

छपरावरून आठवलं. राजस्थानातलं भानगढ. "ही भानगड कशाला?" असं आई निघतानाच म्हणाली होती. राणी रत्नावतीवर भाळलेल्या तांत्रिकाने मरताना शाप दिला, म्हणून इथल्या घरांवर छप्पर टिकत नाही, असं गाइड सांगतो. वर टेकडीवर त्या तांत्रिकाची दगडी छत्री दिसते. सूर्यास्तानंतर थांबायला मनाई असल्याची पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, तिच्यासमोर सेल्फीला रांग. मला छळलं ते माकडांनी. पराठ्यांचा डबा गेला.

* * *

सिंहगड. पहाटे पाचला आतकरवाडीतून निघालो, मिट्ट काळोख. रात्री गडावर तलवारींचा खणखणाट ऐकू येतो, हे मित्राने नेमकं तेव्हाच सांगायचं होतं! अर्ध्या वाटेत खरंच खणखण. पाय जागीच थिजले. मागून एक मावशी डोक्यावर भांडी घेऊन आल्या, "सरका की बाजूला" म्हणत पुढे गेल्या. वर त्यांच्याचकडे दही खाल्लं.

* * *

तुमचं सगळं हसण्यावारी गेलं, म्हणून लिहितो. सिंधुदुर्गात आजोळी टेकडीवर एक पडका बंगला आहे, गावाचं नाव देत नाही. वर जाताना मामाने वाटेतल्या दगडावर देवचारासाठी, म्हणजे गावच्या राखणदार भुतासाठी, विडी ठेवली, शेजारी काडेपेटी. तासाभराने उतरलो तर विडी नव्हती. "गुराख्याने नेली असतली," मामा म्हणाला.

काडेपेटी तशीच होती. मी हात लावणार तोच मामाने मनगट धरलं, आणि घर येईपर्यंत सोडलं नाही.