नाडीला तालच नव्हता

बीपी गोळीने आटोक्यात आहे, मग मधूनच ठोके चुकले तर काय बिघडलं, असं कुणीतरी विचारलंय. आमच्या बाबांचंही हेच म्हणणं. घरच्या मशीनवर आकड्यांशेजारी हृदयाचं चिन्ह (ठोके अनियमित असल्याची खूण) लुकलुकायचं, तर सेल उतरले म्हणून त्यांनी दोनदा सेल बदलले! शेवटी मीच मनगटावर बोटं ठेवली. नाडीला तालच नव्हता. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं, निघालं.

वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की हृदयाचा डावा खालचा कप्पा जाड आणि ताठ होतो. त्यात रक्त ढकलून ढकलून वरचा कप्पा ताणला जातो, तिथल्या विजेच्या संदेशांचा गोंधळ उडतो. मग तो नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो. रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका हा त्रास नसलेल्यांपेक्षा साधारण पाचपट.

वय, मधुमेह, वजन, दारू, थायरॉइड ही बाकीची कारणं आहेतच, पण घोरणं कुणी मनावर घेत नाही. झोपेत श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटलात असं नाही. ठोके अधूनमधूनच चुकत असतील तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके नोंदवत राहणारं छोटं यंत्र, लावतात. बाबांना तो लावला तेव्हा पट्ट्यांनी खाज येते म्हणून रात्रभर कुरकुर चालली होती.