फौजी वडिलांबद्दल लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

मधली लेक
नमस्कार मंडळी. अण्णांना (माझे वडील) जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई म्हणून भरती झाले आणि नायब सुभेदार होऊन पेन्शनवर आले. वर्षश्राद्धाला सगळी नातवंडं जमतील, त्यांना वाचता येईल असं काहीतरी लिहायचं भावंडांनी ठरवलंय पण गाडी पुढे सरकत नाहीये. लढाईबद्दल अण्णा कधी बोललेच नाहीत, विचारलं की "होतो जमालपूरला" एवढंच, आणि लगेच अभ्यास झाला का म्हणून आम्हालाच विचारायचे. काळी ट्रंक आहे, मेडलं आहेत, डिस्चार्ज बुक आहे, आईने जपलेली पत्रं आहेत. भाऊ म्हणतो लढाईचं लिहू. मला वाटतं, वर्षातून दोनेक महिने घरी येणारा माणूस आम्हाला इतका जवळचा कसा वाटायचा ते लिहावं. मेडलांवरून काही कळतं का?

पेन्शनर हवालदार
ताई, अण्णांना सॅल्यूट. मेडलाच्या कडेवर बघा, नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल असेल तर १९७१ च्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर होते हे नक्की. संग्राम मेडल मात्र त्या वेळी नोकरीत असलेल्या पुष्कळांना मिळालंय, त्यावरून लढाईत होते असं धरू नका.
जमालपूर (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आताचा बांगलादेश) म्हणायचे म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, पहिली मराठा, तिलाच जंगी पलटण म्हणतात. तिथे आपल्या ब्रिगेडियर क्लेरनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली होती. मग १० डिसेंबरच्या रात्री ते वेढा फोडून निघायला बघत होते आणि मराठ्यांनी रस्ता अडवून धरला, ११ ला जमालपूर पडलं. ज्याने ती रात्र काढली तो माणूस घरी येऊन अभ्यास विचारतो, यात मला काही नवल वाटत नाही. आमच्यातले बरेच असेच.
अजून एक. फौजेत लग्न झालं, मूल झालं की त्याची पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डला नोंद करायचा लेखी आदेश) निघते. म्हणजे तुम्ही तिघं-चौघं जे असाल ते अण्णांच्या रेकॉर्डमध्ये आहातच. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला आईंच्या सहीने अर्ज करा, आर्मी नंबर आणि पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स जोडा. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

रानवारा
मी पण फौजीचीच मुलगी. आधी पत्रं तारखेने लावा. पत्ता नुसता ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस), माणूस नेमका कुठे आहे ते घरच्यांना कळायचंच नाही, पण मजकुरात सगळं सापडतं. आमचे बाबा पत्रावर नंबर टाकायचे कारण मागचं पुढे अन् पुढचं मागे पोचायचं. आणि आईशी निवांत बोला, फोनवर रेकॉर्ड करा. ते नसताना आजारपणं, शेती, शाळा सगळं तिनेच निभावलं, तो भाग आला नाही तर लेख अर्धाच राहील हो.

सह्यकडा
भावाचंही चूक नाही. फक्त जमालपूरचं लिहिताना अण्णांच्या तोंडी काही घालू नका. पलटण तिथे होती, अण्णा पलटणीत होते, बस. नातवंडं तेच खरं धरून चालतील.

मधली लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ट्रंक उघडली. पूर्वी स्टार आहे, त्यावर नंबर आणि "शिपाई". पत्रांवर नंबर अण्णांनीही टाकलेत, कोपऱ्यात, भोवती गोल करून! लढाई संपल्यावरचं पहिलं अंतर्देशीय आईला आहे, तेव्हा नवीनच लग्न झालेलं. "मी खुशाल आहे. गाय व्याली का ते कळव. तुझा दात दुखत होता तो दाखवलास का." लढाईचा एक शब्द नाही. आईला विचारलं तर म्हणाली, दात दाखवला नव्हता, तरी दाखवला असं कळवलं, त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. भावाला वाचून दाखवलं, तोही म्हणाला हे पत्र जमालपूरच्या मजकुरालाच जोडून घेऊ, वेगळे दोन भाग करायला नकोत. अर्जावर आईने सही केलीय, सोमवारी स्पीड पोस्टने पाठवतोय. त्या वेळी पहिली मराठात असलेले कुणी तुमच्या ओळखीत असतील तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आईला त्यांच्याशी बोलायचंय.