आजीकडची वनस्पतींची माहिती कशी नोंदवावी?

प्रश्न (पाटण, जि. सातारा)
नमस्कार. कोयना खोऱ्यातल्या आमच्या गावात माझ्या आजीला रानातल्या वनस्पतींची जी जाण आहे, ती घरात पुढे कोणाकडेच आलेली नाही. बाळगुटीसाठी हिरडा, वेखंड आणि मुरुडशेंग सहाणेवर किती वेढे उगाळायची, भारंगीचा कोवळा पाला कधी खुडायचा, हे सारे तिला तोंडपाठ आहे. ते लिहून काढून सर्वांसाठी खुले करावे, असे मला मनापासून वाटते. परंतु कोणीतरी ही माहिती उचलून स्वतःच्या नावावर करील, अशी भीती वडिलांना वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (वाई)
ताई, नुसते नाव आणि उपयोग लिहिल्यास नोंद अर्धवट राहते. वनस्पतीचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, ओला की वाळलेला आणि काय प्रक्रिया करून वापरतात, हे आजींच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. हिरड्याचेच पाहा. आठळी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ वाळले की काळा, सुरकुतलेला बाळहिरडा होतो आणि पूर्ण वाढलेले पिवळसर फळ म्हणजे सुरवारी हिरडा. झाड एकच, पण दोन्हींचा वापर वेगळा. भारंगीचा पाला उकडून त्याचे कडू पाणी पिळून टाकल्यावरच भाजी फोडणीस घालतात, ही पायरीही सुटता कामा नये. शिवाय शंखपुष्पी या एकाच नावाने निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात, म्हणून पान, फूल, फळ यांची छायाचित्रे आणि शास्त्रीय नाव जोडणे अत्यावश्यक आहे.

उत्तर (सांगली)
वडिलांची भीती अनाठायी नाही, मात्र त्यावर उपाय लपवणे हा नव्हे. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्यास आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवणाऱ्या आमच्या भागात तो गुण घरोघरी ठाऊक होता, परंतु तिथे उपयोगी पडले ते जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकातले लेखी पुरावे. जैवविविधता कायदा, 2002 नुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे स्थानिक जीवसृष्टी आणि तिच्याविषयीच्या ज्ञानाची नोंद, असते. आजींची माहिती त्यांच्या संमतीने आणि नावानिशी आधी तिथे नोंदवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

उत्तर (मेढा, ता. जावळी)
वरील सूचनांशी सहमत आहे, परंतु दुर्मीळ झाडांचे ठिकाण कृपया उघड करू नये. कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य नरक्या या झाडात सापडते हे कळल्यावर सह्याद्रीतली ही झाडे बेसुमार तोडली गेली. छायाचित्रासोबत मोबाइलने नोंदलेले स्थानही काढून टाकावे. बाळगुटीची माहिती प्रथा म्हणून अवश्य लिहावी, पण ती बाळाला देण्याचा सल्ला ठरू नये. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे डॉक्टर सांगतात आणि ते त्याच पानावर स्पष्ट लिहिलेले असावे.